पाटी बदलली, पॉलिसीला कळवलंत का?

तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकलेल्या ठाणेकराला फुकटची एकच करमणूक असते, ती म्हणजे पुढच्या गाडीचा नंबर वाचणे. एमएच ०४ असेल तर घरचाच माणूस; त्याने मध्येच घुसवली तरी शिव्या मनातल्या मनात. एमएच ०५ म्हणजे कल्याण-डोंबिवली. बिचारा शीळफाटा पार करून आलाय, जाऊ दे त्याला आधी. एमएच ४३ म्हणजे वाशी. रुंद रस्त्यांवर वाढलेला जीव, इथे कावराबावरा होणारच. एमएच ०२ म्हणजे अंधेरीकडचा. एक तर वाट चुकलाय, नाहीतर फ्लॅट बघायला आलाय. आणि जीए, डीडी, डीएन असलं काही दिसलं की गाडीतले सगळे एका सुरात म्हणतात, "टॅक्स वाचवलाय लेकाने!"

लग्नाच्या बोलणीत मूळ गाव विचारतात ना, तसं इकडे गाडीचं पासिंग विचारतात. उत्तर ऐकून चेहऱ्यावर जे उमटतं तेही साधारण तसंच असतं.

डोंबिवलीकराची खरी पंचाईत तो घोडबंदर रोडला राहायला आल्यावर सुरू होते. टिळकनगरातला वन बीएचके विकलेला असतो, तेविसाव्या मजल्यावर टू बीएचके घेतलेला असतो, खिडकीतून थोडी खाडी आणि बराचसा येऊर दिसत असतो. मुलं तर पहिल्याच आठवड्यात 'आम्ही ठाण्याचे' म्हणायला लागलेली असतात. पण खाली पोडियमवर गाडी उभी आणि तिच्यावर ठसठशीत एमएच ०५. "अहो, आता हे ०४ करून मिळत नाही का?" असा प्रश्न घरातून येतोच. नाही मिळत. राज्य तेच असेल तर गाडीचा नंबर जन्मभर तोच, मग तुम्ही ठाण्याला जा नाहीतर गडचिरोलीला. बदलायचा असतो तो आरसीवरचा पत्ता, मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांच्या आत. आणि त्यापाठोपाठ विम्याच्या पॉलिसीवरचा. तो मात्र कुणी बदलत नाही. मग विमा कंपनीचं रिन्युअलचं पत्र टिळकनगरच्या जिन्यात येऊन पडतं, घराचा नवा मालक त्याच्या पाठीवर दुधाचा हिशेब मांडतो, आणि पॉलिसी महिन्यापूर्वीच संपली हा शोध गायमुखच्या चढावर, मागून टेम्पोने ठोकल्यावर लागतो.

पण पत्ता बदलण्याचं दुःख तसं किरकोळ. खरा गोंधळ २०२५ मध्ये झाला, तोही पाट्यांवरून.

हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, म्हणजे एचएसआरपी, हे नाव उच्चारायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तिला इथवर यायला लागला. नियमांत ती आली २००१ साली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या शोरूममधूनच ती लावून बाहेर पडू लागल्या. त्याआधीच्या जुन्या गाड्यांपर्यंत ती महाराष्ट्रात पोचायला २०२५ उजाडलं. दिल्लीहून २००१ मध्ये निघालेली पाटी ठाण्याला २०२५ मध्ये पोचली; माजिवड्याची वाहतूक ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात उशीर झाला असं वाटणार नाही.

मुदत आधी होती ३१ मार्चची. मग ती ३० एप्रिल झाली, मग ३० जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, त्यापुढे ३१ डिसेंबर. सरकारने मुदत वाढवली म्हणून रागावणारा माणूस मी ठाण्यात एकही पाहिला नाही. उलट प्रत्येक वाढीनंतर "मी म्हटलं होतं ना!" असं म्हणणारे मात्र चहाच्या टपरीवर रांगेत उभे होते. मुदत संपायला दोन दिवस उरले की सगळे एकदम मोबाइल काढून अपॉइंटमेंट शोधत, ती कधी भिवंडीची मिळे, कधी अंबरनाथची, आणि मुदतवाढ जाहीर झाली की मोबाइल पुन्हा खिशात. राज्याचे परिवहनमंत्री आमच्याच ओवळा-माजिवड्याचे आमदार. त्यामुळे मुदतवाढ ही आपल्याला घरातून मिळालेली सवलत आहे, असा घोडबंदर रोडच्या काही मंडळींचा पक्का समज होता.

पाटीचे दर दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे गाडीचे झाले ८७९ रुपये १० पैसे. या १० पैशांवर आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी तासभर व्याख्यान दिलं. पाटी मिळते ती अॅल्युमिनियमची, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली निळ्या अक्षरांत देशाचं नाव, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय निघत नाही असं लॉक. पाटी चोरून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून ही सगळी व्यवस्था. पण आमच्या भागात तिचा पहिला बळी चोर नव्हता, दादा होता.

४१४१ हा नंबर घ्यायचा, देवनागरी आकड्यांत लिहायचा, चारला थोडं पोट आणि एकाला थोडी शेपटी द्यायची की वाचणाऱ्याला 'दादा' दिसतो. तसंच २१४ चं 'राम' होतं. कल्याण-शीळ रस्त्यावर असे दादा पाच-पाच मिनिटांनी भेटायचे. नव्या पाटीने सगळ्यांना सरकारी छापाच्या इंग्रजी अक्षरांत बसवलं आणि दादा रातोरात साधे चार हजार एकशे एक्केचाळीस झाले. एकाने जुनी पाटी हॉलमध्ये गणपतीच्या फोटोखाली टांगली आहे. पाहुण्यांना तो आधी ती दाखवतो, मग चहाचं विचारतो.

तर या पाट्या बसल्या आणि दुसऱ्याच दिवशी विम्याच्या एजंटांचे फोन वाजू लागले. "पाटी बदललीय. इन्शुरन्सला कळवायला लागेल का?" डोंबिवली पूर्वेचे एक एजंट आहेत, मानपाडा रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल त्यांचं. ते सांगत होते, त्या काळात इतके फोन आले की त्यांनी उत्तराचा ऑडिओ करून ठेवला: "नमस्कार. प्लेट बदलली, नंबर बदलला नाही. काही करायचं नाही. शुभ दिवस." तरी समोरच्याचं समाधान व्हायचं नाही. काहीच करायचं नाही, हे मराठी मध्यमवर्गाला सरकारी कामात पटतच नाही. "पण फॉर्म तरी भरायचा असेल ना एखादा? झेरॉक्स वगैरे?" एक वहिनी तर नव्या पाटीचा फोटो लॅमिनेट करून घेऊन आल्या होत्या. पॉलिसीला जोडून ठेवा म्हणाल्या. एजंटने ठेवला. बाईंचा चेहरा उजळला तो पाहून आपल्याला पुण्य लागलं, असं ते म्हणतात.

ज्यांना काही करायचं नव्हतं ते असे धावत होते. आणि ज्यांचा नंबर खरोखर बदलला होता ते निवांत भेळ खात होते.

नंबर बदलतो तो परराज्यातली गाडी इकडे आणली की. नोकरी बंगळूरला होती, बदली ठाण्याला झाली. किंवा मेहुण्याची गोव्याची गाडी स्वस्तात मिळाली. कायदा, कलम ४७, सांगतो की दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवलीत तर तिथला नंबर घ्या. हे १२ महिने मोजण्याची आमची एक स्वतंत्र पद्धत आहे. महिन्यातून एकदा गाडी गोव्याला जाऊन आली, की घड्याळ पुन्हा शून्यावर, असं मानणारा मोठा वर्ग वर्तकनगरात राहतो. गाडी गेली नाही तरी चालतं, कुणीतरी जाऊन आलं आणि काजू आणले तरी पुरे.

पण एक दिवस नाक्यावर विचारणा होतेच आणि मग गाडीचं धर्मांतर सुरू होतं. आधी मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म २८ म्हणतात. कर्ज असेल तर बँकेची संमती. मग इकडचा रोड टॅक्स, ज्याचा आकडा ऐकल्यावर मेहुण्याशी बोलणं बंद होतं. मग एजंटचा पोऱ्या येऊन बॉनेट उघडतो, चासी नंबरावर कागद धरतो आणि वरून पेन्सिल घासतो. शाळेत आपण रुपयाच्या नाण्यावर घासायचो तेच काम, फक्त इथे ते सरकारी फाइलला लागतं. शेवटी नवा नंबर येतो: एमएच ०४, पुढे दोन अक्षरं, पुढे चार आकडे.

आता या नव्या नंबराची बातमी कुणाकुणाला जाते ते पाहण्यासारखं आहे. सगळ्यांत आधी वॉचमनला, कारण तो आत सोडत नाही. मग भटजींना, कारण लिंबू-मिरची आणि नारळ पुन्हा व्हायला हवा. मग सोसायटीच्या रजिस्टरला आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला. तिथे एक आत्या आकड्यांची बेरीज करून सांगतात, "सहा येते, शुक्राची गाडी आहे, पांढरा रंग असेल तर उत्तम," आणि रंग लाल असतो. मग फास्टॅगला, कारण टोलनाक्यावर पैसे कापले नाहीत तर मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. मुलुंडच्या नाक्यावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून लहान गाड्यांना टोल माफ झाल्यामुळे ठाणेकर या बाबतीतही थोडा सैलावला आहे. पण खालापूरला त्याला जाग येते. या सगळ्या यादीत विमा कंपनी कुठेच नसते. तिची आठवण रिन्युअलला येते, आणि तीसुद्धा प्रीमियम वाढला म्हणून.

वर्षभर तर पॉलिसी आहेच ना, असं विचारणारे खूप. आहे. पण ती कोणत्या गाडीची आहे हे कागदावर लिहिलेलं असतं आणि कागदावर लिहिलाय गोव्याचा नंबर. माझ्या डोळ्यांदेखत कापूरबावडीला झालेला हा संवाद आहे.

"काका, गाडीचा इन्शुरन्स दाखवत नाहीये."

"कसा नाही दाखवत? हे बघा, पॉलिसी. मार्चपर्यंत आहे. झिरो डेप आहे, बघा, झिरो डेप!"

"काका, हा नंबर जीएचा आहे."

"गाडी तीच आहे हो, साहेब. आधी तो होता, आता हा आहे."

"असेल तीच. पण आमच्या मशीनला गाडी दिसत नाही, नंबर दिसतो."

काकांनी मग ग्लोव्ह बॉक्समधून एकेक कागद काढायला सुरुवात केली. जुनी आरसी, नवी आरसी, पीयूसी, अक्कलकोटचा अंगारा, २०१७ च्या सर्व्हिसिंगचं बिल, एक चमचा. हवालदार सज्जन होता. त्याने चासी नंबर ताडून पाहिला, जुळला आणि म्हणाला, "आज जा. पण कंपनीला कळवून घ्या. विमा नसला तर पहिल्या वेळी २ हजार दंड आहे, तीन महिने आत बसायचीही तरतूद आहे." काकांना २ हजारांचं काही वाटलं नाही, तीन महिन्यांचं ऐकून मात्र त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या शांत होत्या. जरा जास्तच शांत.

हवालदाराने जे सोडून दिलं ते अपघातानंतर सर्व्हेअर सोडत नाही, आणि सोडूही नये. चासी आणि इंजिनाचे क्रमांक जुळले तर गाडी तीच हे सिद्ध करता येतं. पण गाडी गॅरेजमध्ये, बंपर डिकीत आणि समोरचा पोलीस चौकीत, अशा वेळी जुन्या-नव्या आरसी आणि एनओसी गोळा करत 'मीच तो' हे शाबीत करत बसायचं. शिवाय परराज्यातून गाडी आली की प्रीमियमचं गणितही बदलू शकतं, कारण ते ठरताना गाडी कुठे नोंदलेली आहे हेही बघतात. मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं एका झोनमध्ये आणि बाकीचा देश दुसऱ्या, अशी जुनी वाटणी आहे.

काम मात्र अगदी छोटं. कंपनीला अर्ज किंवा ईमेल, सोबत नवी आरसी आणि पॉलिसी नंबर. मागितलं तर थोडं शुल्क. कंपनी पॉलिसीला एक पुरवणी काढून देते, त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. एवढंच. पण जे काम इतकं सोपं असतं ते आपण उद्यावर टाकतो. अवघड असतं त्याला निदान एजंट तरी लावतो.

ज्यांनी फॅन्सी नंबर घेतला त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ०००१ हवा असेल तर २०२४ पासून चारचाकीला किमान ५ लाख रुपये मोजावे लागतात. तेवढे मोजणारे लोक आहेत आणि तेच लोक एजंटला विचारतात, "थर्ड पार्टीचे ३,४१६ जरा जास्तच नाही का वाटत? काही कमी-जास्त होणार?" नाही होत, तो दर सरकारने ठरवलेला आहे, हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला १ जून २०२२ पासून तोच.

नवी गाडी घेणाऱ्यांची गोष्ट सर्वांत मजेदार आहे आणि तीत त्यांचा काडीचा दोष नाही. गाडी नोंदवायची तर विमा दाखवावा लागतो. विमा काढायचा तर नोंदणी क्रमांक विचारतात. या चक्रातून सुटका म्हणून नंबराच्या रकान्यात शोरूमवाला 'न्यू' असं टाइप करतो. मग नंबर येतो, पाटी लागते, पेढे वाटले जातात, पण पॉलिसीत 'न्यू' तसाच राहतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. म्हणजे काहींच्या बाबतीत गाडीला ओरखडे पडतात, सीटचं कव्हर फाटतं, मुलगा दहावीला जातो, तरी कागदावर गाडी नवीच. खडकपाड्याच्या एका गृहस्थांनी मला अभिमानाने ती पॉलिसी दाखवली. "बघा, कंपनीसुद्धा मानते, गाडी नव्यासारखी ठेवलीय."

भारत सीरिज म्हणजे बीएच हा या कटकटीवर काढलेला उपाय. २०२१ च्या सप्टेंबरपासून, बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी. राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही, टॅक्स दोन-दोन वर्षांचा. पुढे जुन्या गाडीचा नंबरही बीएचमध्ये बदलून घेता येऊ लागला. म्हणजे पुन्हा नंबर बदलण्याची भानगड नको म्हणून एकदा नंबर बदला, आणि अर्थातच विमा कंपनीला कळवा. ते त्यांनीही कळवलेलं नसतं.

आता कापूरबावडीच्या काकांकडे यायला हवं, कारण त्यांनी कळवलं. त्याच संध्याकाळी, तीन महिन्यांच्या धसक्याने. आठवड्याभरात पुरवणी आली. काकांनी प्रिंट काढली, चार ठिकाणी सही केली (कुठेच मागितली नव्हती) आणि मशीनवर आता दिसतं का म्हणून मुलाला मोबाइलवर नंबर टाकायला सांगितलं. विमा दिसेना.

मुलाने कागद डोळ्यांजवळ नेला. "बाबा, एमएच झिरो फोर लिहिताना तुम्ही ईमेलमध्ये झिरो टाकलात की ओ?"

"शून्य तेच ना?"

आरटीओ आपल्या मालिकेत इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं शक्यतो वापरतच नाही. एक आणि शून्याशी त्यांची गफलत होते म्हणून. सरकारने एवढी काळजी घेतली. पण ठाणे आणि कल्याण दोन्हीकडे नंबराच्या सुरुवातीलाच शून्य ठेवून दिलंय, आणि तिथे काकांनी मोठा गोल ओ टाइप केला होता. कंपनीने तो प्रामाणिकपणे जसाच्या तसा उतरवला. फोनवरची मुलगी फार नम्र होती. "सर, तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणेच केलंय. दुरुस्तीसाठी नवी रिक्वेस्ट टाका, प्लीज."

काकांनी नवा फॉर्म उघडला. जुना क्रमांक, नवा क्रमांक, दोन्ही नीट भरले, मुलाकडून तपासून घेतले. खाली रकाना होता: बदलाचे कारण. काकांनी विचार केला आणि आटोपशीर लिहिलं, 'शून्य'.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बदलाचे कोणतेही कारण नमूद न केल्याने आपली विनंती परत पाठवण्यात येत आहे.